गैरहजरांचं शहाणपण

चहा कसा झालाय असं विचारलं तर आमचे सर ‘चार’ म्हणायचे. कॉलेजच्या कँटीनचा असेल तर ‘दोन’. नव्या प्राचार्यांबद्दल मत विचारलं तेव्हा ‘तीन’ म्हणाले, आणि विचारणारे खुद्द प्राचार्यच होते. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे, आणि तीन म्हणजे सांगता येत नाही. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर यापलीकडे त्यांचं मत कोणी ऐकलं नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांना लोक मागून ‘थर्मामीटर’ म्हणत. त्यांच्या ते कानावर गेलं असावं, पण त्याबद्दलही त्यांचं मत तीनच असणार.

मी धुळ्याला मानसशास्त्र शिकवायला लागले ते ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर. सर विभागप्रमुख होते आणि मी विभाग. आम्हा दोघांशिवाय तिथे एक कपाट होतं, त्यात तिरळ्या डोळ्यांची मेंदूची मातीची प्रतिकृती. मेंदूला डोळे कोणी लावले हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सर देवपुरात एका खोलीत एकटे राहत. बारीक अंगकाठी, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत लावलेलं बटण, आणि समोरचा बोलत असला की डावा कान किंचित वर करून ऐकायची सवय. पुष्कळदा समोर कोणी बोलत नसतानाही कान वर असायचा. आमच्या एका वर्गातला मुलगा हायवेवर ट्रकखाली गेला. त्या वर्षभर सर हजेरी घेताना त्याचा नंबर घेत, थांबत, कान वर करत आणि मग पुढचा नंबर घेत. मुलींनी मला येऊन सांगितलं, मॅडम, सरांना सांगा ना, भीती वाटते. मी सांगितलं. सर म्हणाले, "नाव कमी करायचं पत्र ऑफिसकडून आलेलं नाही. तोपर्यंत तो गैरहजर आहे." मेलेल्या माणसाला ते कधीच मेलेला म्हणत नसत.

या माणसाला शहाणपण मोजायचं होतं. हुशारी मोजणाऱ्या चाचण्या ढिगानं आहेत, त्यांचं म्हणणं, पण हुशार माणसं गावोगाव मूर्खपणा करताना दिसतात. तेव्हा शहाणपणाची वेगळी मोजपट्टी हवी. त्यांनी कुठल्याशा परदेशी प्रश्नावलीचं मराठी केलं आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं खेड्यांत जाऊ लागलो. बायका पुरुषांशी बोलत नाहीत म्हणून मी बरोबर हवी. सर माझ्या वडिलांच्या वयाचे होते, त्यामुळे लोकांनी फार जीभ चालवली नाही.

पहिल्याच गावात पहिलंच विधान मी एका म्हाताऱ्याला वाचून दाखवलं: जीवन अनिश्चित आहे असं मला वाटतं. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, वगैरे. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग शेजाऱ्याकडे. "हाई इचाराले धुयाहून उनात?" म्हणाला, म्हणजे हे विचारायला धुळ्याहून आलात? शेजारी हसला. सरांनी खाली मान घालून ‘पाच’ लिहिलं.

अडचण पुढेच होती. खेड्यातला माणूस पाहुण्याला नाराज करत नाही. जे विचाराल त्याला हो म्हणतो. घरातली बाई म्हणते त्यांना विचारा, तिचा नवरा म्हणतो बाबांना विचारा, आणि बाबांना ऐकू येत नसतं. तेव्हा सरांनी युक्ती काढली. तुमचं मत राहू द्या, तुमच्या गावात शहाणं माणूस कोण तेवढं सांगा, आम्ही त्यालाच विचारतो. आणि इथे एक गंमत झाली, जी पुढे मला गंमत वाटेनाशी झाली. जाऊ त्या गावात लोक एकच सांगत. "व्हता एक. तो मरी गया." मग आता कोण आहे? "आते बठ्ठा सारखाच शेतस." आता सगळे सारखेच. कापडण्याच्या वाटेवरची खेडी असोत की पार साक्रीकडची, खानदेशात शहाणं माणूस जिवंत सापडेना. लोक ज्याला हयातीत चिक्कू, हेकट, तोंडाळ म्हणत असतील, तोही गेला की दहाव्याला शहाणा होत असणार, असं मी म्हटलं. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "मग गैरहजरांनाच विचारावं लागेल."

त्यांची रीत अशी. गेलेल्या माणसाच्या सगळ्यात जवळचं जे कोणी असेल, त्यानं तो माणूस बसायचा त्याच जागी बसायचं, त्याच्याच खाटेवर, त्याच ओसरीच्या खांबाशी. आणि उत्तरं ‘ते म्हणाले असते’ असं न म्हणता ‘मी’ म्हणून द्यायची. शास्त्रात याला काहीतरी नाव होतं. ते ऐकून माझं समाधान झालं होतं, तरुणपणी नावानं बरंच समाधान होतं.

एका गावी एका म्हातारीनं आपल्या नवऱ्याची उत्तरं दिली. आधी लाजली, पदर तोंडात धरला. मग खाटेवर मांडी घालून बसली आणि हळूहळू तिचा आवाज जाड झाला. खाकरून बोलायला लागली. मध्येच तिनं तळहात पुढे केला, तंबाखू मागतात तसा. सरांचे प्रश्न संपले तरी ती उठेना. सून दारात येऊन म्हणाली, आत्याबाई, चला आता. म्हातारीनं तिच्याकडे परक्यासारखं बघितलं आणि त्याच जाड आवाजात म्हणाली, "ती पानी लेवाले गयी." सूनबाईच्या हातातला तांब्या तिथेच सुटला. पाणी म्हातारीच्या पायावर सांडलं तेव्हा ती दचकली, आणि पदर पुन्हा तोंडात गेला.

परतताना बसमध्ये मी विचारलं, सर, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे का? "एक," ते म्हणाले. अजिबात नाही. थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऐकू येतं ही वेगळी बाब आहे."

त्यांच्या प्रश्नांत एक त्यांनी इथलाच घातला होता. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात एखादी लेक सण सरल्यावर पिशवी भरत नाही. प्रश्न असा होता: लेक आखाजीला आली आणि परत जायचं नाही म्हणाली, तर घरातल्या मोठ्यानं काय करावं? सर म्हणत, यावर गैरहजर माणसांत मतभेद नाहीत. सगळे एकच सांगतात, समजूत घालून पाठवावं. "आणि ज्याला गाव जास्त शहाणा म्हणतं, तो तितकी लवकर पाठवतो." हेही ते चहाबद्दल बोलावं तसंच बोलले.

आमचं घर जळगावजवळच्या असोद्याचं. घरची केळी, थोडा कापूस. माझे वडील, सगळ्या गावाचे आबा, आदल्या दिवाळीत गेले. आसपासच्या गावांत शहाणं कोण असं विचारलं की लोक त्यांचंच नाव घेणार हे मला ठाऊक होतं, म्हणून सरांना मी तिकडे फिरकू देत नव्हते. पण त्यांनी कुठूनतरी ऐकलंच. म्हणाले, आखाजीला तुमच्या घरी पितर येणार. त्या दिवशी विचारणं सगळ्यात योग्य. मी काय म्हणणार. सरांना नाही म्हणायची मला सवय नव्हती.

त्या आखाजीला अक्का, माझी मोठी बहीण, दोन दिवस आधीच आली होती. धरणगावकडच्या एका खेड्यात दिली होती तिला. आल्या आल्या तिनं बाही वर करून दाखवली. तापवलेल्या उलथण्याचे डाग होते, जुने आणि नवे. रडली नाही. आईला म्हणाली, "माय, यावेळेस धाडलं तर मी पुन्हा दिसाची नही." अक्का लहानपणापासून कमी बोलणारी आणि बोललेलं करणारी. ती काय म्हणते आहे ते आम्हा तिघींना नीट समजलं होतं. आदल्या वर्षीही ती राहते म्हणाली होती. तेव्हा आबांनीच तिला पाठवलं होतं.

आता घरात मोठे माझे काका, नाना. माणूस वाईट नव्हता. अक्काचे डाग बघून जेवला नाही तो त्या दिवशी. पण त्यालाही गावात राहायचं होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "मोठी घरी बसली तं धाकटीले कोन करून घेईन?" दाजी सणाच्या संध्याकाळी न्यायला येणार होते. त्याआधी काय ते ठरायला हवं होतं.

आखाजीला आम्ही नवी घागर भरतो, तिच्यावर छोटं मडकं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो, चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतो. ही आगारी. आणि गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतो. त्याला पितरच म्हणतात. नेहमीचे बसणारे आजोबा त्या दिवशी तापानं पडलेले. दुपारी सर दारात उभे, कपाळाचा घाम पुसत. नानांनी त्यांच्याकडे बघितलं, वयाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "सर, तुमीच बसा आबाच्या पाटावर. देवानंच धाडलं तुमाले." गैरहजरांना विचारायला आलेला माणूस गैरहजराच्याच पाटावर बसला. मला हसूही आलं आणि आतून बरंही वाटेना.

सर आमरस बोटांनी न चाटता चमच्यानं जेवले. जेवण झाल्यावर आमच्यात पितराला विडा दिल्याशिवाय उठवत नाहीत. विडा द्यायच्या आधी नाना म्हणाले, "तुमचे प्रश्न आता इचारून घ्या. वहिनी सांगीन." माझ्या लक्षात आलं, की नानांनी ते प्रश्न माझ्याकडून ऐकलेले होते, आणि त्यांना स्वतःच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं होतं. "आबानं एवढ्या लोकाहीचा न्याय केला, आता आपल्या घरचाही करू दे."

आई घागरीशेजारी बसली. एरवी परक्या माणसापुढे न बोलणारी बाई. सरांनी विचारलं, शेजाऱ्यानं तुमचा बांध कोरला तर काय कराल? आई म्हणाली, "पहिल्या साली काही बोलाचं नही. दुसऱ्या साली त्याच्या पोराले जेवाले बोलवाचं." आबांनी हेच केलं होतं, अगदी असंच. राग येतो का? "येतो. मी त्याले ओसरीवर बसवतो, घरात घेत नही." नानांनी टोपी नीट केली, आबा असताना करायचे तशी. प्रश्नामागून प्रश्न गेले आणि आई आबांसारखं थांबत थांबत, शेवटचा शब्द ओढून बोलत राहिली. बाहेर निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी गात होत्या.

मग तो प्रश्न आला. लेक आखाजीला आली आणि परत जायचं नाही म्हणाली.

आई गप्प झाली. अक्का सैपाकघराच्या दारात उभी होती, चौकट धरून. आबा काय म्हणाले असते हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर आईला बोलता येईना. नानांनी दोनदा विचारलं. आई जमिनीकडे बघून म्हणाली, "मले नही सांगता येत." आवाज आता तिचा स्वतःचा होता.

"मंग सर, तुमीच सांगा," नाना म्हणाले. "तुमी आज आबाच्या पाटावर बसेल हाये. उठेपर्यंत पितर जे बोलीन ते घरचे मोडत नहीत."

मला वाटलं, आता हे तीन म्हणणार आणि अक्का संध्याकाळी जाणार. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की ओरडावंसं वाटलं. सरांनी डावा कान वर केला. डाव्या हाताला नुसती भिंत होती आणि भिंतीशी घागर. पंखा चालू होता तरी त्यांच्या कानशिलावरून घाम निथळत होता. मोठ्या माणसाचं ऐकताना मान हलवतात तशी त्यांनी एकदा मान हलवली. पुन्हा हलवली. मग मान वर करून म्हणाले, "राहू द्या तिले. धाडू नका."

सर शुद्ध पुस्तकी बोलायचे. आमची बोली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती, आणि शेवटचा शब्द त्यांनी ओढला तो आबांसारखा. नानांनी टोपी काढून घागरीपुढे डोकं टेकलं. अक्का होती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि आबा, आबा म्हणत रडायला लागली. आई तेवढी घागरीकडे बघत नव्हती. ती सरांकडे बघत होती. तिनं उठून त्यांच्या हातात विडा दिला आणि वाकून नमस्कार केला, नवऱ्याला करायची तसा नाही, परक्या माणसाला करतात तसा.

संध्याकाळी दाजी मोटरसायकलवर आले. नानांनी त्यांना दारातच सांगितलं, आबाचा शब्द आहे, पोरगी इथंच राहील. दाजींनी आवाज चढवला, पंच घेऊन येतो म्हणाले. ते काही जमलं नाही. आबांचा शब्द मोडायला बसणारा पंच त्या पट्ट्यात मिळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना जळगावच्या स्टँडवर सोडायला गेले. धुळ्याची बस लागायची होती. मला अगदी भरून आलं होतं. म्हटलं, सर, तुमचे उपकार कसे फेडू. आबा मेल्यावर बदलले म्हणायचे.

"नाही बदलले," सर म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ते धाडा म्हणाले. तुमच्या आई गप्प होत्या तेव्हाच म्हणाले. मी मान हलवली, तर पुन्हा म्हणाले. मी उलटं सांगितलं." त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. "मी उलटं सांगितल्यावरही ते बोलत होते. पिलं खोडापाशी राहिलं की घड लहान पडतो, असं काहीतरी. याचा अर्थ काय? मला केळीतलं कळत नाही."

केळीच्या बुंध्याशी नवे कोंब फुटतात, त्यांना पिलं म्हणतात. ती वेळच्या वेळी कापली नाहीत तर खोडाचा जोर खातात. आदल्या आखाजीला गोठ्यामागे अक्का आबांचे पाय धरून बसली होती, तेव्हा आबांनी तिला हेच वाक्य सांगितलं होतं. शांतपणे, तिच्या डोक्यावरून हात फिरवत. मी वैरण घेऊन मागे उभी होते. आम्हा तिघांशिवाय ते कोणीही ऐकलं नव्हतं आणि अक्कानं किंवा मी ते आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. असल्या वाक्याची कुणाला सांगायलाही लाज वाटते. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होते की आबांना त्या वेळी डागांचं माहीत नव्हतं. आता सगळं ठाऊक असूनही तेच म्हणाले होते.

मी अर्थ सांगितला. मग विचारलं, आबा रागावलेत का?

"पाच," सर म्हणाले. बस लागली आणि ते चढले.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्यांनी अभ्यास बंद केला होता. एका माणसाचं उत्तर मी बदललं, बाकीच्यांची आता कोण खरी मानणार, एवढंच म्हणाले. प्रश्नावल्यांचे गठ्ठे कपाटात त्या तिरळ्या मेंदूखाली पडून राहिले. सरांच्या डाव्या कानात मात्र तेव्हापासून कापसाचा बोळा असे. भर उन्हाळ्यात, वर्गात, जेवताना. पोरं हसायची. निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांना भेटायला देवपुरात गेले. बोळा होताच. बोलता बोलता मध्येच ते थांबत, कपाळाला आठ्या पडत, बोट कानाशी जाऊन बोळा आत दाबला जाई. मी न राहवून विचारलं, सर, अजूनही?

"अजून तेच," ते म्हणाले. "माणूस शहाणा होता हो. मुद्दा सोडत नाही."

नव्वदच्या दशकातल्या मधल्या कुठल्याशा वर्षी ते गेले. त्यांच्यामागे त्यांच्या खाटेवर बसून उत्तरं द्यायला कोणी नव्हतं. बरंच झालं.

नानांची भीती थोडी खरी ठरली. माझी एकदोन स्थळं मोडली, पुढचं मीच मोडलं. अक्का शिवणकाम शिकली, मग शिकवायला लागली. आता तिच्या हाताखाली मुली आहेत, हसते, मोठ्यानं बोलते, मला रागावते. दर आखाजीला ती आबांच्या घागरीपुढे हात जोडते आणि म्हणते, आबा, तुम्ही होते म्हणून मी आहे. आई होती तोवर ती हे ऐकून आत निघून जायची. मी शेजारी उभी राहून नमस्कार करते.

पाट मांडायची वेळ आली की अक्का म्हणते, औंदा कुणालातरी पितर बसवू या, किती वर्षं झाली. मी नको म्हणते. कधी माणूस मिळत नाही म्हणून सांगते, कधी आता ही पद्धत कोण पाळतं म्हणून. खरं कारण तिला सांगायची माझी छाती नाही. त्या पाटावर बसणाऱ्याला काय ऐकू येईल ते मला माहीत आहे, आणि दर वेळी तो खोटं बोलेलच असं नाही.